एलईडी मागे बसवला, बल्ब पुढचा उडाला: एका जुन्या चेतकचं प्रकरण

काका गाडी घेऊन आले ते टेल लाइटसाठी नव्हे. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की हेडलाइटचा बल्ब टिकत नाही. पूर्वी एकेक बल्ब वर्षानुवर्षं चालायचा. आता पुण्याच्या नाना पेठेतून नवा आणून बसवला की थोड्याच दिवसांत काच काळी पडते आणि मग बल्ब जातो. होल्डर बदलून झाला होता, डीपरचा स्विचही नवा होता. बोलण्याच्या ओघात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या दृष्टीनं ती अगदी वेगळी तक्रार होती. "मुलगी तिच्या गाडीवर मागून येत होती. ती म्हणते, बाबा, सिग्नलला थांबलात की तुमचा मागचा दिवा बंद होतो. गाडी निघाली की पुन्हा झकास पेटतो."

मागच्या दिव्यात काही बदल केलाय का, असं विचारल्यावर उलगडा सुरू झाला. एका गॅरेजमध्ये त्यांनी जुना बल्ब काढून तयार एलईडीची पट्टी लावून घेतली होती. पट्टी कधी लावली आणि बल्ब कधीपासून जायला लागले ते आठवून बघितलं, तेव्हा हेडलाइटचं दुखणं त्या पट्टीनंतरच सुरू झालं हे त्यांच्याही लक्षात आलं.

गाडी १९७८ची बजाज चेतक. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२पासून निघालेल्या या स्कूटरसाठी तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. काकांच्या वडिलांनी तशी वाट बघूनच ती घेतली होती. इंजिन, मॅग्नेट, कॉइल प्लेट सगळं मूळचं आहे. बॅटरी नाही. सहा व्होल्टचा एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं चुंबक आणि कॉइल यांच्या जोडीवर तयार होतो आणि तिथून थेट दिव्यांकडे जातो.

काकांच्या अटी स्पष्ट होत्या. मॅग्नेटोला हात लावायचा नाही, गाडी बारा व्होल्टवर न्यायची नाही, मागच्या दिव्याची मूळ काच आणि मूळ झाकण तसंच ठेवायचं, पत्र्याला नवं भोक पाडायचं नाही. त्यामागे नुसती हौस नव्हती. २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी त्यात बसते. ही चेतक पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे. म्हणून जे काही करायचं ते स्क्रूड्रायव्हर घेऊन पाऊण तासात उलटं फिरवता आलं पाहिजे, हे मी कामाचं पहिलं माप धरलं.

बल्ब म्हणजे नुसता उजेड नव्हे

बॅटरी असलेल्या गाडीत टेल लाइट एलईडी केला की करंट वाचतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. मॅग्नेटोवर चालणाऱ्या गाडीत हा हिशोब उलटा फिरतो, आणि या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

मॅग्नेटोची कॉइल वेग वाढला की जास्त व्होल्टेज द्यायला बघते. या जुन्या रचनेत तिला आवरायला रेग्युलेटर नाही. तिला आवरतात ते दिवेच. या गाडीवर हेडलाइट २५ वॅटचा, टेलचा बल्ब ५ वॅटचा आणि मीटरमधला एक बारीक बल्ब. एवढा भार धरूनच कॉइलचे वेढे ठरवलेले आहेत. रात्री सगळे दिवे लागलेले असले की व्होल्टेज सहा-सातच्या आसपास राहतं. त्यातला पाच वॅटचा गिऱ्हाईक काढून अर्ध्या वॅटचा आणला, म्हणजे एकूण भाराचा जवळजवळ सातवा हिस्सा गेला. एकाच पाइपवरचे दोन नळ चालू असताना एक बंद केला की दुसऱ्याला पाणी जोरात येतं, तसा तो उरलेला जोर हेडलाइटवर जातो.

फिलामेंटचा बल्ब जादा व्होल्टेज सहन करत नाही. त्याचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण बाराव्या-तेराव्या घाताने घटतं. दहा टक्के जास्त व्होल्टेज मिळालं तर आयुष्य जेमतेम एक तृतीयांश उरतं. काकांचा बल्ब रोज थोडा थोडा जास्त तापत होता आणि टंगस्टन उडून काचेवर काळा थर बसत होता. दुकानदार म्हणत होता तसा माल खराब नव्हता.

आता सिग्नलला दिवा जाण्याचं कारण. लावलेली पट्टी बारा व्होल्टची होती. अशा पट्टीत तीन-तीन एलईडी एका रांगेत जोडलेले असतात. लाल एलईडी पेटायला साधारण दोन व्होल्ट लागतात, तिघांचे मिळून सहाच्या वर. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन हळू चालू असताना, या गाडीच्या मागच्या वायरीवर चार व्होल्टच्या आसपास मिळतात. पिवळट बल्ब चार व्होल्टवर मंद का होईना, तांबूस जळतो. एलईडी मात्र आपला उंबरठा गाठला नाही तर पेटतच नाही. म्हणजे रात्री गाडी उभी, मागून बस येतेय आणि नेमका तेव्हा दिवा बंद. हेडलाइटच्या बल्बपेक्षा मला हे कितीतरी गंभीर वाटलं.

झाकण उघडल्यावर आणखी एक दिसलं. पट्टी पूर्ण लाल होती, त्यामुळे काचेखालच्या पारदर्शक फटीतून नंबर प्लेटवर पडणारा पांढरा उजेड लाल झाला होता. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागची नंबर प्लेट रात्री पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. ही पट्टी लावल्यापासून प्लेट काळोखातच होती म्हणायची.

मग जुना बल्बच परत का लावला नाही?

हा सरळ उपाय होता आणि मी तो काकांना सुचवला. पाच वॅटचा बल्ब परत बसवला की हेडलाइट टिकेल, टेलही आयडलिंगला पेटेल. त्यांनी मान हलवली, पण म्हणाले, "अरे, पट्टी लावली ती हौस म्हणून नाही. कर्वे रोडवर दिवसा ब्रेक मारला तर मागच्याला कळतच नाही. दोनदा धडकता धडकता वाचलो."

त्यांचं बरोबर होतं. जुन्या बल्बची खरी उणीव ब्रेक लावतानाच उघडी पडते. ब्रेक मारला की इंजिनाचा वेग उतरतो, वेगाबरोबर व्होल्टेज उतरतं, आणि बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाच्या घाताने उतरतो. सहाचे चार व्होल्ट झाले की उजेड एक चतुर्थांशावर येतो. म्हणजे दिव्याची सर्वात जास्त गरज असते तेव्हाच तो सर्वात मंद असतो. शिवाय फिलामेंटला तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. ताशी ४० किलोमीटरने मागून येणारी गाडी तेवढ्यात दोन मीटरहून जास्त पुढे सरकते. एलईडीला हा वेळ लागत नाही. त्यामुळे काकांना एलईडी हवा होता तो योग्यच होता. फक्त तो या गाडीसाठी बनवलेला हवा होता.

आधी कॉइलचा बंदोबस्त

दिव्याच्या आधी भाराचा प्रश्न सोडवायचा होता. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे टेलच्या वायरीवर ६.८ ओहमचा दहा वॅटचा सिमेंट रेझिस्टर. सहा व्होल्टवर तो पाच वॅटच्या जरासा वर खातो, म्हणजे गेलेल्या बल्बची जागा भरून काढतो. तात्पुरता लावून बघितला, हेडलाइटचं व्होल्टेज लगेच मूळ जागी आलं. निदान बरोबर आहे याची खात्री या एका रेझिस्टरने दिली.

तरी तो कायमचा ठेवायचा नाही, असं ठरवलं. रेझिस्टर जुना समतोल परत आणतो, पण त्या समतोलातला जुना दोषही जशाच्या तसा राहतो. प्रवासात हेडलाइटचा बल्ब गेला तर २५ वॅटचा भार एका क्षणात नाहीसा होतो आणि सगळं व्होल्टेज मागच्या दिव्यावर येतं. जुन्या स्कूटरवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. पुढचा बल्ब गेला की रेस वाढवायची नाही, नाहीतर मागचाही जातो. बल्ब गेला तर दहा-वीस रुपयांत भागतं. हाताने बनवलेला एलईडीचा बोर्ड असा जाऊ देणं बरोबर नव्हतं.

म्हणून सहा व्होल्टचा एसी रेग्युलेटर घेतला. जुन्या मोपेडवर असतो तसाच. तो लाइटिंग कॉइलची वायर आणि बॉडी यांच्यामध्ये बसतो आणि व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर गेलं की जादा करंट बॉडीकडे वळवतो. कॉइल शॉर्ट करायची म्हटल्यावर बरेच जण घाबरतात. पण मॅग्नेटोच्या कॉइलमधला करंट तिच्या स्वतःच्या इंडक्टन्समुळे, म्हणजे करंटच्या बदलाला विरोध करण्याच्या गुणामुळे, आपोआप मर्यादित राहतो, त्यामुळे ती अशी जळत नाही. रेग्युलेटर मात्र तापतो. तो पत्र्याला घट्ट टेकून बसला पाहिजे आणि त्याखालचा रंग खरवडलेला हवा. डाव्या डिक्कीच्या आत आधीपासून एक बोल्ट होता, तिथेच तो बसला. नवं भोक पाडावं लागलं नाही.

इथे मापनाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मॅग्नेटोची लहर साध्या साइन लहरीसारखी गोल नसते, टोकदार असते. साधा स्वस्त मल्टिमीटर साइन गृहीत धरून आकडा दाखवतो, त्यामुळे चुकीचं व्होल्टेज बघून चुकीचा रेझिस्टर निवडला जातो. लहर कशीही असली तरी खरा आकडा दाखवणारा ट्रू आरएमएस मीटर कुणाकडून मागून आणावा लागला तरी आणावा.

बोर्ड

रेग्युलेटर आल्यावर रचनेचा सगळा विचारच मोकळा झाला. जादा वीज तो बॉडीत ओतणारच आहे, म्हणजे दिव्यात वीज वाचवून काहीच मिळवायचं नाही. मग एलईडी रांगेत जोडून कार्यक्षमता साधायची गरज राहत नाही. प्रत्येक एलईडी एकटा, त्याच्याबरोबर स्वतःचा २७० ओहमचा रेझिस्टर, आणि असे सोळा शेजारी शेजारी. एकट्या लाल एलईडीला दोन व्होल्ट मिळाले तरी पुरतं, त्यामुळे आयडलिंगला दिवा जाण्याचा प्रश्न मुळातून सुटला. चालत्या गाडीत, एसीचं डीसी करणाऱ्या डायोडच्या पुढे, लहरीच्या टोकाला साडेसात व्होल्ट धरले तर ब्रेकला प्रत्येकी वीस मिलिअँपिअर मिळतात. आयडलिंगला टोकाला साडेचार व्होल्ट उरले तरी नऊ मिळतात, म्हणजे जवळजवळ निम्मा उजेड. जुना बल्ब याच स्थितीत पाव उजेडावर येत होता. टेलसाठी सगळ्या सोळांच्या आधी एकच ४७ ओहमचा एक वॅटचा रेझिस्टर घातला. त्यातून प्रत्येकाला पाच मिलिअँपिअर मिळतात, आणि ब्रेक मारला की उजेड चौपट होतो. टेल आणि ब्रेक यांतला फरक मागच्याला चटकन कळला पाहिजे, नाहीतर जास्त उजेडाचा काही उपयोग नाही.

एलईडी लालच घेतले. लाल काचेमागे पांढरे लावले की काम होईल असं पुष्कळांना वाटतं. पण पांढऱ्या एलईडीचा बराच उजेड निळ्या आणि पिवळ्या पट्ट्यात असतो. लाल काच तो अडवते आणि बाहेर फिका गुलाबी उजेड येतो. लाल एलईडीचा उजेड काचेतून जवळजवळ पूर्ण बाहेर पडतो. प्रकार निवडला तो चार पायांचा, ज्याला तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पिरान्हा म्हणतात. त्याचा कोन पसरट असतो. टोकदार पाच मिलिमीटरचे एलईडी सरळ मागून डोळे दिपवतात, पण पीएमपीएमएलच्या बसच्या ड्रायव्हरसारखा कुणी उंचावर बसलेला असेल तर त्याला ते जेमतेम दिसतात. चार पायांमुळे एलईडी बोर्डाला घट्ट धरून राहतो हा दुसरा फायदा. एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनाची थरथर सोल्डरचे टाके फोडायला पुरेशी असते.

एसीचं डीसी करायला चार-चार डायोडचे दोन ब्रिज लावले, एक टेलच्या वायरीवर आणि एक ब्रेकच्या. नेहमीचे ४००७ डायोड चालले असते, पण ब्रिजमध्ये एकावेळी दोन डायोडांतून करंट जातो आणि दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात. आयडलिंगच्या चार व्होल्टमध्ये एवढी उधळपट्टी परवडत नाही. शॉटकी प्रकारच्या डायोडमध्ये ती निम्म्यावर येते. दुकानात सहज मिळणारा ५८१९ चाळीस व्होल्टपर्यंतच सोसतो. रेग्युलेटरची पिन थरथरीने निसटली तर मोकळी कॉइल जोरात असताना याहून जास्त देऊ शकते, म्हणून शंभर व्होल्टचे शॉटकी शोधून घेतले. ब्रिज लावला की आणखी एक पथ्य येतं. एलईडीची निगेटिव्ह बाजू आता बॉडी नसते. बोर्डाचा कुठलाही ट्रॅक झाकणाच्या पत्र्याला टेकला तर निम्मा ब्रिज शॉर्ट होतो. म्हणून बोर्डाच्या मागे प्लास्टिकचे उंचवटे ठेवले आणि अर्थची वेगळी वायर थेट इंजिनापासून आणली. गंजलेल्या स्क्रूवर अर्थिंग सोपवलं नाही.

दिवा लुकलुकण्याचा हिशोबही आधी केला होता. मॅग्नेटमध्ये चुंबकांच्या दोन जोड्या असतील तर मिनिटाला ९०० फेऱ्यांना सेकंदाला ३० आवर्तनं होतात. गॅरेजवाल्याची पट्टी एकाच डायोडवर होती, त्यामुळे ती सेकंदाला तीसच वेळा पेटत होती आणि हळू वेगात डोळ्यांना ते जाणवत होतं. पूर्ण ब्रिजवर तेच ६० वेळा होतं. टेलच्या ब्रिजवर वीज क्षणभर साठवून ठेवणारा हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आडवा झोपवला, त्यामुळे टेल आणि नंबर प्लेटचा दिवा स्थिर झाला. प्लेटसाठी खालच्या फटीकडे तोंड करून दोन पांढरे एलईडी बसवले, तेही टेलच्याच वायरीवर.

बोर्डाचा आकार घ्यायला जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा वापरला. काचेच्या आतल्या कडा, दोन स्क्रूंची भोकं, होल्डरची जागा असं सगळं त्यावर बसेपर्यंत कात्री चालवली आणि तोच आकार ग्लास इपॉक्सीच्या तांब्याच्या बोर्डावर उतरवला. जुना होल्डर कापला नाही, पाकिटात ठेवला. टाके झाल्यावर वॉर्निशचे दोन हात दिले. काचेच्या कडेला सिलिकॉन लावायचा मोह होतो, पण खालचं पाणी निघायचं भोक मी मोकळं ठेवलं. पुण्याच्या पावसात पाणी कुठून तरी आत येतंच, त्याला बाहेर पडायला वाट हवी. वायरी जिथे आत येतात तिथे सिलिकॉन लावलं, तेही आंबट वास न येणारं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं.

ब्रेकच्या स्विचकडे मुद्दाम वेगळं लक्ष दिलं. व्हेस्पाच्या घराण्यातल्या काही जुन्या गाड्यांत हा स्विच पेडल दाबल्यावर जोडला न जाता उघडतो. तसा असेल तर जोडणीच बदलावी लागते. या गाडीवर तो सरळ निघाला.

रस्त्यावर

पहिली परीक्षा पार्किंगमध्ये झाली. इंजिन आयडलिंगला, दिवे चालू, आणि काका पंधरा मीटर मागे उभे राहून नंबर वाचताहेत. वाचता आला. रेस वाढवून हेडलाइटचं व्होल्टेज बघितलं, ते सातच्या आत राहिलं. मग हेडलाइटची वायर काढून ठेवून पुन्हा रेस दिली. मला खरं बघायचं होतं ते हेच. रेग्युलेटर चांगलाच गरम झाला, पण मागचा दिवा शाबूत राहिला.

नंतर दुपारच्या उन्हात काका कर्वे रोडने पुढे आणि मुलगी मागे, असे निघाले. तिने सांगितलेला फरक मला टेबलावर दिसला नव्हता. ब्रेकचा दिवा आता वेगळा कळतो, म्हणाली, कारण तो एकदम येतो, हळूहळू उजळत नाही. कात्रजच्या जुन्या घाटातून रात्री उतरताना काकांना स्वतःला आणखी एक गोष्ट जाणवली. पूर्वी ब्रेक दाबला की दहा वॅटच्या ब्रेक बल्बमुळे पुढचा हेडलाइट मंदावायचा, वळणावर नेमका रस्ता अंधारायचा. आता ब्रेकला दोन-अडीच वॅटच लागतात, त्यामुळे हेडलाइट हलत नाही. मागच्या दिव्यासाठी केलेल्या कामाचा हा फायदा पुढे मिळाला.

या दिव्यावर मान्यतेचा शिक्का नाही, हे मी काकांना कागदावर लिहून दिलं आहे. गाड्यांचे दिवे बाजारात येण्याआधी आपल्याच वेताळ टेकडीवरच्या, गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेत वेगवेगळ्या कोनांतून त्यांचा उजेड मोजला जातो. माझ्याकडे ती सोय नाही. मला सांभाळता आल्या त्या गोष्टी एवढ्याच: रंग लाल, उजेड स्थिर, कुठलीही चमकधमक नाही, नंबर प्लेट पांढऱ्या उजेडात आणि मूळ काच जागेवर. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. तेव्हा तपासणीला जाताना मूळ बल्ब आणि होल्डर लावूनच गाडी न्यायची, असं आमचं ठरलं आहे. रेग्युलेटर तसाच राहिला तरी त्या बल्बला काही होत नाही, उलट तो जास्त टिकेल.

एक उणीव राहिली आहे. आयडलिंगला ब्रेक धरून ठेवला तर नजर इकडून तिकडे फिरवताना दिव्यात बारीक थरथर दिसते. ब्रेकच्या ब्रिजलाही मोठा कपॅसिटर हवा होता, पण काच आणि झाकण यांच्यातल्या जागेत तो बसत नाही. झाकणाबाहेर ठेवायचा तर पत्र्याला भोक पाडावं लागतं. काकांना विचारलं. त्यांनी थरथर एकदा बघितली आणि भोक नको म्हणाले.